लाल फडक्यातली नोंदवही बहारीनला जाते

बहारीनच्या विमानतळावरील तपासणी अधिकाऱ्याने आमची बॅग उघडली, तेव्हा तीत आंबापोळी, कोकमाच्या सोलांची बरणी, कुळथाचे पीठ आणि लाल फडक्यात नाड्याने गच्च आवळलेले एक दप्तर निघाले. आंबापोळीचा त्याने वास घेतला आणि प्रसन्न होऊन ती परत ठेवली. दप्तरावर मात्र त्याने बोट टेकवले.

"हे काय आहे?"

"एव्हिडन्स," मी म्हणालो.

माझ्या पत्नीने, सौ. सुलभेने, मागून माझ्या कोटाची बाही ओढली. ती देवगडच्या शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाली आहे, आणि माझे इंग्रजी सुरू झाले की अशी बाही ओढण्याची तिला जुनी सवय आहे. "जुनी नोंदवही आहे," तिने अधिकाऱ्याला हसून सांगितले. "रेडिओ ऐकण्याची."

"उघडून दाखवा."

मी नकार दिला. सदर दप्तर बांधले गेले तेव्हापासून आजतागायत उघडले गेलेले नाही, आणि ते उघडले जाईल तर संबंधित इसमाच्या समक्षच, हे मी त्या तरुणाला संथपणे व स्पष्टपणे समजावले. त्याने ते दप्तर पुन्हा एकदा यंत्रातून फिरवले, पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "वेलकम, अंकल." मी वादास पूर्ण तयार होतो. वाद झाला नाही. बहारीनने माझी अशी निराशा पुढे अनेकदा केली.

ज्यांनी हा देश पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पण मी तेथे कशासाठी गेलो हे आधी सांगितले पाहिजे.

मी देवगडच्या दिवाणी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तारुण्यापासून मला शॉर्टवेव्ह रेडिओचा नाद होता. दूरदेशीचे केंद्र लावायचे, काय ऐकले, किती वाजता ऐकले, आवाज स्वच्छ होता की खरखर होती, हे वहीत टिपायचे आणि केंद्राला पत्राने कळवायचे. तपशील जुळला की केंद्राकडून पोच म्हणून एक सचित्र कार्ड येई. जर्मनीच्या इंग्रजी प्रसारणात दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचे आखातातील वार्ताहर श्री. मार्टिन ओस्टरहोफ बोलत. त्यांचा एकही गुरुवार मी चुकवला नाही आणि त्यांची एकही चूक मी सोडली नाही.

माझा धाकटा भाऊ वसंत त्या काळी बहारीनमध्ये लाकडी गलबते बांधणाऱ्या एका मालकाकडे सुतार होता. एका गुरुवारी ओस्टरहोफ साहेबांनी त्याचे नाव घेऊन जगाला सांगितले, की देवगडचा हा सुतार गलबत अर्धे टाकून पळून गेला. वस्तुस्थिती अशी, की आमच्या आईचे डोळ्याचे ऑपरेशन होते आणि वसंता मालकाची सहीची चिठ्ठी घेऊन रीतसर घरी आला होता. तो त्या क्षणी माझ्या शेजारी पाटावर बसून पेज जेवत होता! पुढच्या गुरुवारी दुरुस्ती होईल म्हणून मी रेडिओपाशी बसलो. ती झाली नाही. तेव्हापासून ओस्टरहोफ साहेबांना याच एका मुद्द्यावर मी एकेचाळीस पत्रे लिहिली. ते प्रत्येक पत्राला उत्तर देत. "मी दुरुस्ती केली होती, असे मला आठवते," हे पहिले उत्तर. गेल्या दिवाळीत आलेले शेवटचे उत्तर असे: "मी आता माझ्या कारकिर्दीची हकिकत लिहून पुरी करतो आहे. हिवाळ्याचे दोन महिने बहारीनमध्ये असतो. आपली नोंदवही घेऊन या. हे प्रकरण आपण मिटवू."

म्हणून मी गेलो. कबुली लेखी घ्यायची आणि ती पुस्तकात छापली जाईल असे पाहायचे, एवढाच माझा हेतू होता.

हूरा

वसंता आता हूरा नावाच्या गजबजलेल्या वस्तीत राहतो. एका फर्निचर कारखान्यात तो फोरमन आहे. त्याची बायको नातवाच्या बारशासाठी कणकवलीला गेली असल्याने घर आणि स्वयंपाक त्याच्याच ताब्यात होता. खाली उतरले की एका ओळीत केरळचा चहावाला, बांगलादेशी न्हावी, हैदराबादी बिर्याणी आणि एक मोठे हॉटेल. सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात आणि प्रत्येकाची हिंदी निराळी.

मी तक्रारीची पत्रे लिहिण्यासाठी कोऱ्या कागदांचे पॅड नेले होते. पहिल्या सकाळी रस्ता ओलांडायला पाऊल टाकले, तर मोटारी थांबल्या. मी संशयाने मागे सरलो, तरी त्या थांबूनच राहिल्या. एका चालकाने हाताने मला "या, या" केले. देवगडच्या नाक्यावरील गतिरोधकासाठी मी अकरा अर्ज केले आहेत; येथील लोकांना हे कोणत्या अर्जाने मिळाले, ते त्या चालकाला विचारायचे राहून गेले. कोपऱ्यावरच्या भट्टीत गरम खुबूस मिळतो. तव्याएवढी मोठी, तंदूरच्या भिंतीवर फुगलेली रोटी. मी वजनाबद्दल शंका घेणार, तोच भट्टीवाल्याने एक जास्तीची रोटी वर ठेवली. पॅड कोरेच राहिले.

दुपारी वसंताने 'साफी' नावाच्या माशाचे तिखले केले, त्यात आपली सोले घातली. जेवताना मी दप्तराची गोष्ट काढताच त्याने कपाळाला हात लावला.

"दादा, तू हय फिरूक इलंस काय भांडूक?"

"न्याय मागायला आलो आहे."

"माका नको न्याय! तो रेडिओ सगळ्या देवगडात ऐकत कोण होतो? तू एकलो. मगे माझो पळपुटेपणा बाजारात पोचलो कसो? पोस्टात तू सांगलंस, कोर्टात तू सांगलंस, मासळीवालीक पण तू सांगलंस. लगीन जमवताना सासऱ्यान पयलो प्रश्न काय इचारल्यान? 'रेडिओवर पळालेलो सुतार तो तूच काय?'"

"मी निषेध नोंदवत होतो."

"वैनी, ह्येका काय तरी सांगा."

सुलभा माशाचा काटा काढत होती. "मी सांगितलेलं ते ऐकतात कुठं, वसंतभावजी?" एवढेच ती म्हणाली, आणि मी त्या वाक्याकडे लक्ष दिले नाही.

मुहर्रक

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे येथील सुटी. वसंताने आम्हाला पुलापलीकडे मुहर्रकला नेले. समुद्र तेथे इतका उथळ आणि फिका हिरवा, की त्याला आपल्या किनाऱ्यावर कोणी समुद्र म्हणणार नाही. लाटेचा आवाज नाही, फेस नाही. आमच्या देवगडचा समुद्र सतत तक्रार करीत असतो. हा मुकाट बसलेला. मला तो थोडा संशयास्पद वाटला, पण सुलभेने चपला काढल्या आणि ती सरळ पाण्यात जाऊन उभी राहिली. वयाच्या सत्तराव्या वर्षी. तिच्या साडीचे काठ भिजले आणि ती हसत राहिली.

काठावर एक जुने गलबत दुरुस्तीला ओढून ठेवले होते. वसंताने त्याच्या सागवानी बरगडीवर तळवा ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. "ह्याका नकाशो नसता, वैनी," तो म्हणाला. "सगळा डोळ्यात आणि हातात. आमचो आजो विजयदुर्गाक बांधी तसाच." तेथे काम करणारा एक वृद्ध गुजराती खलाशी त्याला ओळखत होता. दोघांनी अर्धे हिंदी, अर्धे अरबी बोलून एका खिळ्यावरून वाद घातला, आणि मग त्या खलाशाने आम्हाला दाट, वेलचीचा करक चहा पाजला. मी पैसे पुढे केले तेव्हा तो म्हणाला, "मफी फुलूस, भाई. मेहमान." पैसे नकोत. या देशात माणसाला रागावण्यास कोणी संधीच देत नाही.

चहा पिताना मी वसंताला विचारले, "मालकाची चिठ्ठी अजून तुझ्याकडे आहे का?"

"चिठ्ठी तूच घेतलंस. तुझ्या दप्तरात पुराव्याची निशाणी एक म्हणून लावलेली आसा. माझ्या रजेची चिठ्ठी माका परत कधी गावली नाय!"

सुलभा खळखळून हसली. खलाशी काही न समजताही हसला.

माहूज

शनिवारी दहा वाजता आम्ही माहूजमधील एका शांत गल्लीत, चौथ्या मजल्यावर, ओस्टरहोफ साहेबांच्या दारात उभे होतो. वसंता "मी गाडीत बसतंय" म्हणत होता. सुलभेने त्याला वर आणले. मी कोट घातला होता. दप्तर छातीशी धरले होते.

दार उघडले. जो आवाज मी इतकी वर्षे लोखंडी आणि ठाम ऐकला, तो एका उंच, वाकलेल्या, निळ्या स्वेटरमधील म्हाताऱ्याच्या गळ्यातून बाहेर आला: "मेस्त्रीजी! आखिर!" दिल्लीत चार वर्षे काढल्यामुळे त्यांना थोडी हिंदी येते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी तयार केलेले प्रास्ताविक विसरलो.

न्याहारीला त्यांनी येथील 'बलालीत' केले होते: केशर-साखरेच्या गोड शेवया आणि त्यांवर पसरलेली अंड्याची पोळी. गोडावर अंडे! आम्ही शिरवाळ्यांवर, म्हणजे तांदळाच्या शेवयांवर, नारळाचा गोड रस घेतो, त्यावर उद्या कोणी आम्लेट ठेवले तर आमच्या गावात फिर्याद दाखल होईल. मी हे बोलूनही दाखवले. मग एक घास घेतला. मग दुसऱ्यांदा वाढून घेतले. या विषयावर यापेक्षा अधिक निवेदन करण्याची माझी इच्छा नाही.

नंतर ते आपल्या कारकिर्दीबद्दल बोलले. ते जन्मले नदीकाठच्या एका लहान गावात. विसाव्या वर्षी तेथल्या रेडिओ केंद्रावर त्यांना नोकरी मिळाली ती दुपारी नद्यांच्या पाण्याची पातळी वाचण्याची. अमुक घाटावर इतके, तमुक घाटावर इतके. मालाच्या बोटी चालवणारे नावाडी तेवढ्यासाठी रेडिओ लावत. एके दिवशी त्यांनी एका घाटाचा आकडा चुकीचा वाचला. संध्याकाळी ओल्या बुटांचा एक नावाडी केंद्रात आला. त्याची कोळशाची बोट गाळात रुतली होती. तो ओरडला नाही. त्याने टेबलावर फक्त बरोबर आकडा बोटाने लिहिला आणि तो निघून गेला.

"त्या दिवशी मी एक नियम केला," साहेब म्हणाले. "चूक कळली की पुढच्याच प्रसारणात, स्वतःच्या तोंडाने ती सांगायची. दिल्लीत पाळला, कैरोत पाळला. मोठ्या लोकांना भेटलो, ते मी विसरलो. हा नियम म्हणजेच माझी कारकीर्द."

त्यांनी आतून एक जाड करडे घोंगडे आणून दाखवले. बहारीनमधील पहिल्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राची घरघर टेपवर येत असे, म्हणून यंत्र बंद करून, हे घोंगडे डोक्यावर घेऊन ते वार्तापत्र वाचीत. घामाने कागदावरची शाई फुटे. देवगडला मला जो आवाज थंड डोक्याचा वाटे, तो या घोंगड्याखालून येत होता. सुलभेने ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, केवढं जड!"

मग साहेबांनी टंकलिखित पानांचा गठ्ठा पुढे ओढला आणि शेवटच्या पानावर हात ठेवला.

"तुमच्या भावाबद्दल गलबतांच्या यार्डातल्या एका पहारेकऱ्याने मला सांगितले आणि दुसऱ्या कोणाला न विचारता मी ते जगाला सांगितले. दोन-चार दिवसांनी मालकाने मला धक्क्यावर गाठून खरे काय ते ऐकवले. मी दुरुस्ती लिहिली, हे मला आठवते. वाचली, असेही वाटत असे. पण केंद्राने त्या टेपा केव्हाच पुसून पुन्हा वापरल्या. माझ्याकडे पुरावा नाही. तुमच्याकडे नोंदवही आहे, आणि तुमच्यासारखा काटेकोर श्रोता मला दुसरा मिळाला नाही. पत्रागणिक मला वाटू लागले, की माझी आठवण मला फसवते आहे. म्हणून मी हे लिहिले."

ते वाचून दाखवू लागले: "मी एक चूक दुरुस्त केली नाही. देवगडच्या एका गृहस्थाने ती मला विसरू दिली नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते." मग त्यांनी चष्मा काढला. "फक्त तो गुरुवार कोणता, ते तुमच्या वहीतून सांगा. पुस्तक पुढच्या आठवड्यात छपाईला जाईल."

मी जिंकलो होतो. एवढ्या वर्षांचा दावा खर्चासह निकाली निघाला होता. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मला तो गाळात बोट रुतलेला नावाडी आठवला; फरक इतकाच, की या वेळी तो माझ्यासमोर बसला होता.

मी नाडा सोडला. सुलभा खुर्चीत पुढे सरकली. "शेवटचं पान काढा," ती म्हणाली.

शेवटचेच होते. मी मोठ्याने वाचले: "गुरुवार. आठ वाजून एकोणचाळीस मिनिटे. उंटांच्या शर्यतीचे वर्णन चालू. दुरुस्ती नाही. संतापाने संच बंद केला. वही समाप्त."

"आता खाली पेन्सिलीनं काय आहे, तेही वाचा," सुलभा म्हणाली. "दस्त अर्धा वाचू नये, असं तुम्हीच म्हणता."

खाली पेन्सिलीने, शाळेच्या फळ्यावर असते तसे सुबक अक्षर होते. मी ते त्यापूर्वी कधीही पाहिले नव्हते. मजकूर असा:

"ह्यांनी बंद करून आतल्या खोलीत पत्र लिहायला घेतल्यावर मी परत लावला. ८.५२. थोडी खरखर, पण शब्द स्वच्छ. साहेब म्हणाले, मागच्या गुरुवारी मी गलबताच्या सुताराबद्दल चुकीचे सांगितले. तो पळाला नाही. मालकाची चिठ्ठी घेऊन आईच्या ऑपरेशनला गेला. मी त्याची आणि त्याच्या कुटुंबाची क्षमा मागतो. — सु."

त्या खोलीत देवनागरी वाचू शकणारे तिघे होते. साहेबांना अक्षर ओळखता येत नव्हते. ते चष्मा हातात धरून वाट पाहत होते. मी वही मिटली असती तर माझे म्हणणे छापून येणार होते.

"तू मला त्या दिवशी का सांगितले नाहीस?" मी मराठीत विचारले.

"सांगितलं की! त्याच संध्याकाळी, तुम्ही पाकिटाला डिंक लावत होतात तेव्हा. तुम्ही म्हणालात, 'ऐकीव साक्ष ग्राह्य नाही.' मग मी लिहून ठेवलं. म्हटलं, कधी तरी वही उघडाल. तर सकाळी तुम्ही ती लाल फडक्यात आवळून मोकळे!"

"पण इतकी वर्षे..."

"तुम्ही किती हौसेनं पत्रं लिहायचात. आणि त्यांची उत्तरंही किती छान यायची. मला वाटलं, दोघांनाही आवडतंय. साहेबांनी ते मनाला लावून घेतलंय, हे मला कुठं ठाऊक? दिवाळीच्या पत्रावरून शंका आली. म्हणून तर बॅगेत हीच वही येईल असं पाहिलं."

न्यायालयात छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाने सांगावे असे नाही, पण सांगतो. जी गोष्ट ऐकण्याची आहे, ती ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकली त्याची साक्ष ऐकीव नसते. ती प्रत्यक्ष साक्ष असते. हे कोणत्याही नवशिक्या कारकुनास ठाऊक असते. माझी हरकत तथ्यात चूक होती, त्याहून वाईट म्हणजे ती कायद्यातही चूक होती.

मी उभा राहिलो आणि ती नोंद शब्दशः इंग्रजीत सांगितली. दोन ठिकाणी सुलभेने माझे इंग्रजी सुधारले. मी हरकत घेतली नाही.

ओस्टरहोफ साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी वाचली होती."

"होय."

"वाचली होती मी!" आता तो रेडिओवरचा आवाज होता. ते उठले, त्यांनी ते करडे घोंगडे सरळ सुलभेच्या खांद्यांवर पांघरले, वसंताला मिठी मारली आणि त्याची पुन्हा एकदा, समक्ष, क्षमा मागितली.

"खलास, साहेब, मफी मुश्किल, काय हरकत नाय," वसंता म्हणाला. "माका तुमचो राग कधी नव्हतोच. जो राग होतो, तो ह्या माणसाचो." मग त्याने वहीत चिकटवलेली मालकाची चिठ्ठी नखाने अलगद सोडवली आणि खिशात घातली. "निशाणी एक परत!"

साहेबांनी शेवटचा परिच्छेद एका रेघेने खोडला. वसंता कळवळला: "अरे दादा, पुस्तकात तुझो उल्लेख येणार होतो, तोही गेलो!"

हूरा, निघण्याच्या आदल्या दिवशी

त्या आठवड्यात पॅडमधील पहिला कागद वापरला गेला. माझे बेचाळिसावे पत्र दोन ओळींचे होते. पहिली ओळ: "प्रस्तुत प्रकरणातील माझे सर्व आरोप मी विनाअट मागे घेतो." दुसरी ओळ लिहायला मला संबंध दुपार लागली. ती येथे देत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः वसंताच्या घराचा चार मजली जिना चढून आले. हातात केशर, बदाम घातलेल्या चिकट बहारीनी हलव्याचा डबा होता आणि एक पाकीट. पाकिटात रेडिओच्या जुन्या, आता बंद पडलेल्या सेवेचे एक कोरे राहून गेलेले पोचेचे कार्ड होते. ते त्यांनी शाईने, रीतसर भरले होते: वार गुरुवार, वेळ ८.५२, आवाज थोडा खरखरीत, शब्द स्वच्छ. "आपला अहवाल तपासून बरोबर आढळला. लक्ष देऊन ऐकल्याबद्दल आभारी आहोत." श्रोत्याच्या नावापुढे लिहिले होते: सौ. सुलभा दत्ताराम मेस्त्री.

माझ्याकडे अशी दोनशेवर कार्डे आहेत. यासारखे एकही नाही.

मुंबईच्या विमानतळावर पुन्हा बॅग उघडली गेली. हलवा पाहून झाला, घोंगडे झटकून झाले, आणि अधिकाऱ्याने लाल फडक्यावर बोट टेकवले. "यात काय आहे?"

"एव्हिडन्स," सुलभा म्हणाली.

मी तिची बाही ओढली नाही.